जकातीबाहेरचे गाव

'जकात' हा शब्द मराठी मुसलमानाच्या घरात दोन वाटांनी येतो. एक जकात रमजानमध्ये हिशेब मांडून काढायची असते. ज्याच्यापाशी निसाबाइतकी, म्हणजे ठरावीक मर्यादेइतकी मालमत्ता वर्षभर राहिली, त्याने चाळिसावा हिस्सा गरजवंताला द्यायचा. दुसरी जकात नाक्यावर भरायची असते. गावाच्या वेशीवर बांबूचा अडसर, बाजूला पत्र्याची खोली आणि मालाच्या गाडीभोवती फिरणारा कारकून हे चित्र आपल्या पिढीने डोळ्यांनी पाहिलेले आहे. मुंबईतली ही दुसरी जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा संपली. शब्द एकच, पण पहिला अर्थ इबादतीचा आणि दुसरा वसुलीचा. मुसलमानी अमलात व्यापारी मालावरचा कर याच नावाने घेतला जाई. तिथून हा शब्द दख्खनच्या महसुली भाषेत रुजला आणि मराठीने तो आपला केला.

वसुलीची जकात म्हणजे नुसती खजिना भरण्याची युक्ती नव्हे. ती सरहद्दीला जिवंत ठेवते. शिवाजी महाराजांनी १६७१ मध्ये कुडाळच्या सरसुभेदाराला मिठावरील जकातीविषयी लिहिले, ते याच जाणिवेतून. पोर्तुगीजांच्या बारदेशातले मीठ स्वस्त पडते, व्यापारी तिकडे वळतात आणि आपल्या मुलखातली मिठागरे ओस पडतात. तेव्हा तिकडच्या मिठावर जबर जकात बसवा, असा त्या आज्ञेचा आशय होता. म्हणजे नकाशावरची रेघ माणसाच्या ताटातल्या मिठापर्यंत पोचते ती जकातीच्या हाताने.

मग जकात नसलेल्या गावाचे काय होते? सरहद्दीवर वसलेले, एका देशाचे नागरिक असलेले, पण त्या देशाच्या जकातीच्या रेषेबाहेर ठेवलेले गाव कसे जगते? आणि जगताना काय मिळवते, काय गमावते? आल्प्स पर्वतात असे एक गाव आहे. त्याचे नाव साम्नाउन. त्याची कहाणी मराठीत सांगण्याजोगी आहे, कारण ती दिसते परक्या मुलखाची, पण तिच्यातले प्रश्न आपल्या ओळखीचे आहेत.

डोंगराने घातलेली कोंडी

नकाशा समोर घ्यावा. स्वित्झर्लंडच्या अगदी पूर्वेला ग्राउबुंडेन नावाचा मोठा प्रांत आहे. त्याच्या ईशान्य टोकाला एंगाडीनचे खोरे आहे. या खोऱ्यातून इन नदी वाहते आणि पुढे ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतात शिरते. जिथे ती सरहद्द ओलांडते, त्याच भागात डाव्या बाजूने एक लहानसे खोरे येऊन मिळते. हेच साम्नाउनचे खोरे. शेर्गेनबाख नावाचा ओढा त्यातून वाहतो. कोंपाच, लारेट, प्लान, रावाइश आणि साम्नाउन अशा पाच वाड्या मिळून हे गाव झालेले आहे. सर्वांत वरची वाडी सुमारे १,८४० मीटर उंचीवर आहे. आपल्या महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे. म्हणजे आपला कळस जिथे संपतो, त्याच्याही वर या लोकांची चूल पेटते. एकूण वस्ती सातशे-आठशे माणसांची.

खोऱ्याच्या भोवती तीन हजार मीटरहून उंच डोंगर उभे आहेत. त्यांतला मुटलर हा सर्वांत उंच. तो ३,२९० मीटरच्याही वर जातो. उत्तरेकडची धार ओलांडली की ऑस्ट्रियातले पात्सनाउनचे खोरे आणि त्यातले इशगल गाव लागते. पूर्वेला ओढ्याच्या पलीकडे श्पिस हे ऑस्ट्रियातले चिमुकले खेडे आहे. दक्षिणेकडे स्वतःच्या देशाचे एंगाडीन. पण तिकडे जायचे तर अडीच हजार मीटरहून उंच खिंड चढायची, आणि ती बर्फाने वर्षातले कितीतरी महिने बंद. ओढ्याच्या काठाने खाली उतरावे, तर वाटेत अरुंद, खोल घळ. पाण्याला त्या घळीतून वाट होती, पण बैलगाडीला नव्हती.

राहिली एकच वाट. पूर्वेकडे श्पिसवरून टिरोलमध्ये उतरायचे आणि इन नदीच्या काठी फुंड्स गाठायचे. साम्नाउनच्या माणसाला आपल्याच देशाच्या कचेरीत, बाजारात किंवा न्यायालयात सामानसुमानासह जायचे, तर आधी परदेशात पाऊल टाकावे लागे. सरहद्दीने त्याला एका देशात ठेवले होते आणि डोंगराने दुसऱ्या देशाच्या हाती सोपवले होते.

गवत, गुरे आणि ओढाताण

या उंचीवर शेती ती कितीशी असणार? उन्हाळा आखूड. उतारावरच्या तुकड्यांत थोडे तग धरणारे धान्य, पुढच्या काळात बटाटे, आणि बाकी सगळा भरवसा गवतावर. 'आल्प' या शब्दाचा तिथल्या बोलीतला अर्थच मुळी डोंगरमाथ्यावरचे उन्हाळी कुरण असा आहे. आपण ज्याला पर्वताचे नाव समजतो, ते तिथल्या गुराख्याच्या लेखी चराईच्या जागेचे नाव आहे. उन्हाळ्यात गुरे वर न्यायची, तिथेच दूध काढून लोणी आणि चीज करायचे, खाली गावात हिवाळ्यासाठी गवत कापून वाळवायचे. एक गाय हिवाळाभर जगवायला किती गवत लागते, यावर घरात किती गायी हे ठरे; आणि किती गायी, यावर घरात किती माणसे हे ठरे. जादा गुरे पानगळीच्या दिवसांत विकायची आणि आलेल्या पैशांत मीठ, पीठ, लोखंड, कापड घ्यायचे.

ज्या हातांना कुरणांनी काम दिले नाही, ते हात बाहेर गेले. आल्प्सच्या या पट्ट्यात देशांतर ही जुनी रीत होती. एंगाडीनची माणसे मिठाईवाले म्हणून व्हेनिसमध्ये नाव कमावून होती. १७६६ मध्ये व्हेनिसने ग्राउबुंडेनच्या लोकांना हाकलले, तेव्हा ती युरोपभर पांगली. परमुलखी कमवून उन्हाळ्यात गावी येणाऱ्यांना एंगाडीनच्या बोलीत 'रांदुलिन' म्हणत. त्याचा अर्थ पाकोळ्या. टिरोल आणि ग्राउबुंडेनच्या गरीब खोऱ्यांतली लहान मुले तर वसंतात डोंगर ओलांडून दक्षिण जर्मनीतल्या श्वाबेनमध्ये शेतमजुरीला जात; बाजारात उभी राहत आणि शेतकरी त्यांना हंगामापुरते घेऊन जात. १९२१ मध्ये तिकडे परक्या मुलांनाही शाळेची सक्ती झाल्यावर ही प्रथा मोडली. कोकणातून जहाजांवर, आफ्रिकेत आणि नंतर आखातात गेलेल्यांच्या घरांना या पाकोळ्यांचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

दोन चावींत सापडलेला माल

जुन्या काळी या ओढाताणीला सरहद्दीचा जाच फारसा नव्हता. राजांचे अंमल एकमेकांत गुंतलेले असत. खालच्या एंगाडीनवर हाब्सबुर्ग घराण्याचे हक्क होते; ते लोकांनी १६५२ मध्ये रक्कम मोजून सोडवून घेतले. १८०३ मध्ये ग्राउबुंडेन स्विस संघात आले. १८४८ ची राज्यघटना झाली आणि जकात हा प्रांतांचा नव्हे, तर संघराज्याचा विषय ठरला. आतले नाके उठले आणि देशाच्या कडेने एकच मोठी रेघ आखली गेली. बर्नमध्ये बसलेल्या माणसाला ही सुधारणा होती, आणि खरोखरच ती सुधारणा होती. आतला व्यापार मोकळा झाला.

पण साम्नाउनच्या बाबतीत ही रेघ माणसाच्या गळ्याशी आली. गुरे विकायची टिरोलमध्ये, तिथे ऑस्ट्रियाची जकात. त्याच पैशांनी पीठमीठ आणायचे, तर परतताना स्विस जकात. स्वदेशातून काही मागवायचे, तर ते ऑस्ट्रियाच्या भूमीवरून येणार. कायदा सर्वांना सारखा होता, पण डोंगर सर्वांना सारखा नव्हता. सारख्या कायद्याने विषम जमिनीवर अन्याय कसा होतो, याचे हे चोख उदाहरण आहे.

गावकऱ्यांनी सरकारकडे अर्ज केला. १८९२ मध्ये स्विस सरकारने साम्नाउनला आणि शेजारच्या सांपुओइर या छोट्या खोऱ्याला देशाच्या जकातक्षेत्रातून वगळले. माणसे स्विस, शाळा स्विस, न्याय स्विस. फक्त जकातीच्या हिशेबात हे खोरे बाहेरचे. रस्ता देता येत नव्हता, म्हणून सरकारने सूट दिली. जो निसाबाला पोचत नाही त्याच्याकडून जकात घेऊ नये, हे तत्त्व आपल्याला परिचित आहेच. इथे ते वेगळ्या अर्थाने, वेगळ्या जकातीला लागू झाले.

ही काही एकट्या साम्नाउनची गोष्ट नव्हती. आल्प्समध्ये डोंगर आणि देश यांची जिथे जिथे फारकत झाली, तिथे तिथे अशा तडजोडी करणे भाग पडले. ऑस्ट्रियाचे युंगहोल्झ हे गाव आपल्या देशाला केवळ एका डोंगरशिखराच्या बिंदूत चिकटलेले आहे. रस्ता सगळा जर्मनीतून. त्याला १८६८ मध्येच बव्हेरियाच्या जकातक्षेत्रात जोडले गेले. क्लाइनवाल्झरटाल या ऑस्ट्रियन खोऱ्यातही गाडीरस्ता फक्त जर्मनीतून जातो. तिथे १८९१ चा करार झाला. ही दोन्ही ठिकाणे शेजारी देशाच्या जकातीत घातली गेली. साम्नाउनच्या वाट्याला त्यापुढच्याच वर्षी वेगळा तोडगा आला. त्याला शेजाऱ्याकडे न सोपवता मधल्या पट्टीत मोकळे सोडले. रोग तोच होता, औषध निराळे. पुढे युरोपीय संघ आला, १९९५ मध्ये ऑस्ट्रिया त्यात गेला, आणि त्या दोन गावांच्या वेगळेपणात आर्थिक अर्थ फारसा उरला नाही. साम्नाउनचे वेगळेपण मात्र टिकले आणि फळले. इटलीतले लिविन्यो हे १,८१६ मीटर उंचीवरचे गाव याच जातीचे. तेही आज जकातीबाहेर आहे.

रस्ता आला, सूट राहिली

गोष्ट इथे संपली असती तर ती एका दयाळू सरकारची कथा झाली असती. पण इतिहास एवढा सरळ चालत नाही. १९०७ ते १९१२ या काळात स्विस सरकारच्या बाजूने रस्ता झाला. इन नदीच्या काठावरच्या विनाडी या ठिकाणापासून कातळ फोडून, बोगदे काढून, घळीच्या कडेने सहाशे-सातशे मीटरचा चढ चढत तो कोंपाचला पोचला. साम्नाउनचा माणूस परदेशात पाऊल न टाकता प्रथमच गाडीने आपल्या देशात उतरू शकला.

आता प्रश्न उभा राहिला. सूट दिली होती ती रस्ता नव्हता म्हणून. रस्ता झाला, मग सूट कशासाठी? तर्काने पाहिले तर सूट रद्द व्हायला हवी होती. पण वीस वर्षांत गावाची घडी तिच्याभोवती बसली होती. ती काढून घेतली असती तर हातात उरले असते तेच आखूड उन्हाळ्याचे गवत, आणि माणसांनी खोरे सोडले असते. सूट चालू राहिली. तिचे कारण मात्र बदलले. आधी ती अडचणीची भरपाई होती, नंतर ती जगण्याचे साधन झाली. सवलतींच्या इतिहासात हे वळण नेहमी येते आणि ते सहसा कोणी मोठ्याने बोलून दाखवत नाही.

तो रस्ता अजूनही आहे. त्याचे बोगदे त्या काळच्या गाड्यांच्या मापाचे. मोठ्या प्रवासी गाड्यांना ते पुरत नाहीत. म्हणून अवजड वाहने आजही ऑस्ट्रियाच्या बाजूने, श्पिसकडूनच वर येतात. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचा डोंगर पुरता हटलेला नाही.

रात्रीचा व्यापार

जिथे रेघेच्या एका बाजूला माल स्वस्त आणि दुसऱ्या बाजूला महाग, तिथे पाठीवर ओझे घेऊन रात्री चालणारा माणूस निर्माण होतोच. साम्नाउनच्या वरच्या खिंडींतून पात्सनाउनच्या खोऱ्यात कॉफी, तंबाखू, साखर, सॅकरीन असा माल जाई. सॅकरीनचे नाव या यादीत पाहून नवल वाटेल. पण १८९८ नंतर ऑस्ट्रियाने त्याच्या खुल्या विक्रीवर बंदी घातली होती आणि स्वित्झर्लंडमध्ये ते कारखान्यांत तयार होत होते. वजनाला हलके, गोडीला साखरेच्या शेकडो पट. पाठीवरच्या ओझ्यासाठी यापेक्षा सोयीचा माल कोणता? दोन्ही महायुद्धांनंतर टिरोलमध्ये टंचाई होती, तेव्हा या वाटा अधिकच तुडवल्या गेल्या.

या लोकांना सरसकट गुन्हेगार म्हणून मोकळे होता येत नाही. इशगलच्या बाजूचा गरीब शेतकरी हिवाळ्यात दुसरे काय करणार होता? हिमकडा कोसळून मरण्याची भीती, पहारेकऱ्याच्या गोळीची भीती, आणि मिळकत बेताची. १९६१ पूर्वीच्या गोव्याच्या सरहद्दीवर घड्याळे आणि परदेशी चैनीचा माल कसा इकडे येई, हे सावंतवाडी-बेळगाव भागातल्या जुन्या लोकांना माहीत आहे. सरहद्दीवरच्या गावात तस्करी हा नीतीचा प्रश्न असतो, पण त्याआधी तो भावातल्या फरकाचा प्रश्न असतो. आज गंमत अशी की, ज्या उतारांवरून हे लोक जीव मुठीत धरून जात, त्याच उतारांवर हौशी पाहुणे बर्फावरून घसरत जातात आणि 'तस्करांची फेरी' पुरी केल्याचा आनंद घेतात.

गवताकडून दुकानाकडे

हा बदल प्रामुख्याने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. बर्फ हा ज्या गावाचा शत्रू होता, तोच त्याचा माल झाला. १९७०च्या दशकात साम्नाउन आणि इशगल यांची बर्फावरची मैदाने जोडली गेली. दोन देशांत पसरलेला हा प्रदेश आज २३० किलोमीटरहून अधिक लांबीच्या घसरवाटांचा आहे. सकाळी ऑस्ट्रियात बर्फावर उतरायचे, दुपारी घसरत स्वित्झर्लंडमध्ये यायचे, अत्तराची बाटली किंवा तंबाखू घ्यायचा आणि झुलत्या पाळण्यातून परत जायचे, असा पाहुण्यांचा दिवस असतो. १९९५ मध्ये रावाइशमधून वर जाणारा दुमजली पाळणा सुरू झाला. एका खेपेला १८० माणसे नेणारा हा जगातला अशा प्रकारचा पहिला पाळणा. म्हणजे गावातल्या एकूण वस्तीच्या जवळजवळ पाव भाग एका वेळी हवेत.

गावाचा मुख्य रस्ता आता दुकानांचा आहे. मद्य, तंबाखू, अत्तरे, घड्याळे, आणि मोटारींसाठी इंधन. मद्य आणि तंबाखू यांवर अर्थव्यवस्था उभी राहणे आपल्याला रुचणारे नाही. पण इतिहासाच्या अभ्यासकाने इथे एक नियम टिपून घ्यावा. सूट मिळालेल्या गावात तोच माल जमतो, ज्यावर बाहेर सर्वांत जास्त कर असतो. मद्य, तंबाखू आणि इंधन यांची निवड साम्नाउनने केलेली नाही. ती शेजारच्या देशांच्या करपत्रकांनी केली. मीठ आणि पीठ यांच्यासाठी मागितलेली सूट अखेर अत्तराला आणि मद्याला लागली.

सूट मात्र पूर्वीसारखी निखळ राहिलेली नाही. १९९५ मध्ये स्वित्झर्लंडने मूल्यवर्धित कर आणला. या कायद्यात साम्नाउन आणि सांपुओइर यांच्यासाठी स्वतंत्र कलम आहे. वस्तूंच्या बाबतीत ही खोरी देशाबाहेरची, पण सेवांच्या बाबतीत देशातली. आणि पुढे एक महत्त्वाची अट आहे. या व्यवस्थेमुळे संघराज्याच्या उत्पन्नात जी तूट येईल, ती संबंधित ग्रामपंचायतींनी भरून द्यायची. म्हणजे सवलत आहे, पण तिचा हिशेबही आहे. जो एकेकाळी निसाबाखाली होता तो आता निसाबाच्या वर गेला, तर त्यानेही काही द्यावे, हे कायद्याने आपल्या भाषेत मान्य केले.

या व्यवस्थेचे खरे मोल कळते ते पलीकडच्या श्पिसकडे पाहिल्यावर. हवामान एक, उतार एक, बोली एक, धर्मही एक. सुमारे १,६२८ मीटर उंचीवरची ही ऑस्ट्रियातली सर्वांत उंच ग्रामपंचायत. तिची वस्ती शंभराच्या आसपास. इकडे साम्नाउनमध्ये पाहुण्यांची रीघ आणि तिकडे बाहेरून येणाऱ्या गाड्यांकडे पाहत बसलेले खेडे. दोघांमध्ये ओढ्याइतके अंतर. देवाने दोघांना सारखाच डोंगर दिला. फरक केला तो १८९२ च्या एका कागदाने.

बोलीची किंमत

आता या कहाणीतला तो भाग, ज्यासाठी ती मराठीत सांगावी असे वाटले.

साम्नाउनचे लोक मुळात एंगाडीनमधून वर येऊन वसलेले. त्यांची बोली रोमांश. ही लॅटिनपासून निघालेली, आल्प्सच्या कुशीत टिकून राहिलेली भाषा. अठराव्या शतकापर्यंत ती या खोऱ्यात घरोघरी होती. एकोणिसाव्या शतकात ती गेली आणि तिच्या जागी टिरोलची जर्मन बोली आली. स्वित्झर्लंडमधल्या इतर सर्व जर्मन बोली अलेमानिक गटातल्या आहेत; बव्हेरियन-ऑस्ट्रियन गटातली बोली बोलणारे साम्नाउन हे त्या देशातले एकमेव गाव. साम्नाउनची रोमांश बोलणारा शेवटचा माणूस आउगुस्टीन हाइस १९३५ मध्ये वारला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९३८ मध्ये, स्विस मतदारांनी नव्वद टक्क्यांहून अधिक मतांनी रोमांशला राष्ट्रभाषेचा दर्जा दिला. देशाने भाषेला मान दिला, तेव्हा या खोऱ्यात तो स्वीकारायला कोणी उरले नव्हते.

कोणी बंदी घातली नव्हती. कोणी शाळेत मारले म्हणून भाषा गेली, असेही नाही. वाट टिरोलला जात होती. बाजार तिकडे, सोयरीक तिकडे, मजुरी तिकडे. शिवाय आणखी एक धागा होता. धर्मसुधारणेनंतर खालचे एंगाडीन बहुतांशी प्रोटेस्टंट झाले. साम्नाउन कॅथलिक राहिले आणि टिरोलही कॅथलिक. ज्यांच्याशी बोली जुळत होती, त्यांच्याशी धर्म जुळत नव्हता. ज्यांच्याशी धर्म जुळत होता, त्यांची बोली वेगळी होती. धर्म आणि वाट दोन्ही एकाच दिशेला ओढू लागल्यावर बोलीने किती काळ तग धरावा?

हे वाचताना आपल्यातल्या अनेकांच्या मनात घरचीच वादावादी उभी राहील. घरात कोकणी किंवा मराठी, मदरशात आणि शाळेत उर्दू, रोजगारासाठी हिंदी-इंग्रजी, अशी आपली अवस्था आहे. मुसलमानाची भाषा कोणती, या प्रश्नावर आपण भावनेने भांडत आलो आहोत. साम्नाउन सांगते की, भाषा ठरावाने मरत नाही आणि ठरावाने जगतही नाही. ती ज्या वाटेने पीठमीठ येते त्या वाटेने येते आणि जाते. आईच्या तोंडची बोली टिकवायची असेल तर तिच्यात लिहिले पाहिजे, हे तर खरेच. पण तिच्यात हिशेब लिहिला गेला पाहिजे, दुकानाची पाटी लागली पाहिजे, सोयरीक ठरली पाहिजे.

तरीही भाषा पूर्णपणे जात नाही. ती जमिनीत राहते. साम्नाउनच्या कुरणांची नावे आजही रोमांश आहेत. एकाचे नाव आल्प बेला, म्हणजे सुंदर कुरण. दुसऱ्याचे आल्प त्रीदा, म्हणजे कुरूप कुरण. कोण्या गुराख्याने चांगले-वाईट गवत पाहून ही नावे दिली असतील. आज त्या कुरूप कुरणावर पाळण्यांची गर्दी असते आणि हजारो पाहुणे ते नाव अर्थ न कळता उच्चारतात. बोलणारे गेले, शब्द चाकरीला राहिला. नाक्यावरच्या आपल्या 'जकाती'चेही असेच नाही का झाले?

दुसऱ्याच्या खिशावरचे गाव

साम्नाउनची भरभराट पाहून हेवा वाटणे सोपे आहे. पण तिचा पाया दुसऱ्याच्या खिशात आहे. १५ जानेवारी २०१५ रोजी स्विस मध्यवर्ती बँकेने एका युरोला किमान १.२० फ्रँक हा धरून ठेवलेला दर सोडून दिला, तेव्हा फ्रँक एका दिवसात महागला. युरो घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाला कालचा स्वस्त माल आज तितका स्वस्त राहिला नाही. मार्च २०२० मध्ये शेजारचे इशगल कोरोनाच्या फैलावामुळे युरोपभर गाजले, पात्सनाउनचे खोरे बंद झाले आणि त्याच सुमारास स्विस सरकारनेही बर्फावरची मैदाने बंद केली. दोन खोरी जोडून जो व्यापार उभा राहिला होता, तो दोन्हीकडून एकदम थांबला. त्यापलीकडे उष्ण होत जाणारे हवामान आहे. उंचीमुळे या गावाला बर्फ अजून मिळतो. आल्प्समधल्या सखल गावांवर ते संकट आधीच येऊन ठेपले आहे.

ज्या कागदाने हे गाव वाचवले, तो कागद तिसऱ्यांच्या मर्जीवर टिकून आहे. शेजारी देशाने मद्य-तंबाखूवरचा कर कमी केला किंवा स्वदेशाने कलम बदलले, तर दुकानांच्या रांगेचे काय होईल? गायी राखणारी घरे आता थोडी उरली आहेत. प्लान वाडीत खोऱ्याचे संग्रहालय आहे. जुन्या जगण्याची अवजारे तिथे मांडून ठेवली आहेत. उद्या गरज पडली तर ती हाताळायला येणारी माणसे संग्रहालयात ठेवता येत नाहीत.

तरीसुद्धा १८९२ चा निर्णय चुकीचा होता, असे म्हणवत नाही. तो झाला नसता तर खोरे बहुधा ओस पडले असते. दुर्गम भागातल्या माणसाला समान कायद्याखेरीज थोडी जादा सावली लागते, हे त्या सरकारला कळले. आपल्याकडे डोंगरी भाग, मागास जमाती, अल्पसंख्य यांच्या सवलतींचा विषय निघाला की लगेच 'किती दिवस?' असा प्रश्न येतो. साम्नाउनच्या इतिहासात त्या प्रश्नाचे उत्तर तारखेत नाही. सवलत द्यावी ती अडचण पाहून. ती चालू ठेवावी, पण हिशेबासह. सावरलेल्याने परत काही द्यावे, या अटीवर. आणि सवलत घेणाऱ्याने एवढे भान ठेवावे की सवलत ही चालण्यासाठी दिलेली काठी आहे. तिच्या बळावर उभे राहत असताना आपण काय मागे सोडत आहोत, कोणती बोली, कोणते कसब, कोणती नाती, याची नोंद त्याची त्यानेच ठेवायची असते. ती नोंद कोणत्याही सरकारच्या जकातबुकात होत नाही.